दांडीच्या माथ्यावरील बटण

वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर, लोहमार्गाच्या पूर्वेस, भाईंदरची जी दाट वस्ती आज दिसते, तींत स्टेनलेस स्टीलचीं भांडीं घडविणारे लहानमोठे गाळे पुष्कळ आहेत. मिठागरें, भातखाचरें आणि मासेमारी यांवर पिढ्यान् पिढ्या जगलेल्या या गांवांची १९८५ सालीं नगरपरिषद झाली व २००२ सालीं मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. परंतु शहराची खरी ओळख त्याच्या नांवाच्या पाटीवरून होत नाहीं. तेथील हातांना कोणतें काम पडतें, यावरून होते. येथील पुष्कळ हातांना पॉवर प्रेसचें काम पडतें. पत्र्याची गोल चकती साच्यावर ठेवावयाची, प्रेस सोडावयाचा. वरचा साचा खालीं येतो आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच चकतीची वाटी होते. वाटी काढावयाची, दुसरी चकती ठेवावयाची. दिवसभर हाच क्रम.

या क्रमांत एक प्रश्न दडलेला आहे. प्रेस सोडण्याची खूण यंत्राला कोणत्या अवयवानें द्यावयाची? जुन्या पद्धतीच्या प्रेसांत ती पायानें देतात. हात चकती ठेवतात, पाय पट्टी दाबतो. शंभर वेळां, हजार वेळां हात आणि पाय यांचा मेळ बिनचूक बसतो. आणि एखाद्या वेळीं, पाळीच्या अखेरीस, पाय दाबला जातो तेव्हां हात अजून साच्यांतच असतो. त्या क्षणाची किंमत बोटांनीं, क्वचित् सबंध पंजानें चुकवावी लागते. हिंदुस्थानांत १९४८ च्या कारखाने अधिनियमानें यंत्रांच्या धोक्याच्या भागांना कुंपण घालणें बंधनकारक केलें, आणि यंत्रशास्त्रानें त्याच्या जोडीला एक साधा तोडगा दिला. प्रेसला दोन बटणें बसवावीं, तीं एकमेकांपासून दूर असावीं, आणि दोन्ही एकदम दाबल्यावांचून साचा खालीं येऊं नये. दोन्ही हात बटणांवर गुंतले म्हणजे साच्यांत कोणताच हात नसणार.

मनुष्याची बुद्धि मात्र सोय पाहते. दोहोंपैकीं एक बटण काठी खोंचून किंवा दोरीनें बांधून कायमचें दाबून ठेवावें आणि एका हातानें काम उरकावें, ही युक्ति कारागिरांना जगांत सर्वत्र सुचली. म्हणून पुढील विद्युत्-रचनांत अशी योजना करावी लागली कीं, दोन्ही बटणें सुमारें अर्ध्या सेकंदाच्या आंत एकामागून एक दाबलीं गेलीं पाहिजेत, आणि प्रत्येक घावानंतर दोन्ही सुटलीं पाहिजेत. बटण कोठें असावें, या दिसावयास क्षुल्लक प्रश्नाचा हा इतका खोल विचार कारखान्यांत झाला, कारण तेथें त्याचें उत्तर रक्तानें लिहिलें जात होतें.

प्रेसचा कायदा असा कीं, यंत्रानें दोन्ही हात मागावे. याच्या नेमका उलट कायदा ज्या यंत्रानें घालून दिला, त्याचा इतिहास येथें पाहावयाचा आहे. एकाच हातांत दांडी असावी, त्याच हाताच्या अंगठ्याखालीं, दांडीच्या माथ्यावर, बटण असावें, आणि वळणें व मारणें हीं दोन्ही कामें त्या एका हातानें करावीं, ही कल्पना आज मुलांच्या खेळांतून सर्वांच्या परिचयाची झाली आहे. पण ती खेळांत जन्मली नाहीं. ती आकाशांत जन्मली.

राइट बंधूंनीं १९०३ सालीं पहिलें विमान उडविलें, तेव्हां त्यांत आजच्यासारखी दांडी नव्हती. वैमानिक खालच्या पंखावर पालथा पडून असे. कंबर डावीउजवीकडे सरकवून तो पंखांना पीळ देई आणि हातांतल्या एका तरफेनें विमानाचें नाक वरखालीं करी. पुढें फ्रान्समध्यें एस्नो-पेल्तरी व ब्लेरिओ यांनीं १९०७-०८ च्या सुमारास हीं दोन्ही कामें एका उभ्या दांडीवर आणलीं. दांडी पुढेंमागें केली म्हणजे नाक वरखालीं होई, डावीउजवीकडे केली म्हणजे विमान त्या त्या बाजूस कलत असे; शेपटीचें सुकाणूं पायांकडे गेलें. ब्लेरिओनें २५ जुलै १९०९ रोजीं इंग्लिश खाडी ओलांडली तेव्हांपासून या रचनेला जगभर मान्यता मिळाली, आणि १९१० च्या सुमारास इंग्रज वैमानिकांच्या बोलींत या दांडीला ‘जॉयस्टिक’ हें नांव पडलें. नांव आनंदाचें असलें तरी तिच्या पुढील आयुष्यांत आनंद थोडाच होता.

१९१४ सालीं युद्ध पेटलें, तेव्हां वैमानिक पिस्तुलें आणि बंदुका घेऊन वर जात. एकट्या वैमानिकाची तेथें मोठी पंचाईत होई. बंदूक रोखावयाची तर दांडी सोडावी लागे, आणि दांडी सोडली तर त्या काळचें चंचल विमान आपल्या मनाप्रमाणें जाऊं लागे. शत्रूला मारण्यासाठीं ज्या हाताची गरज, त्याच हातावर स्वतःचा जीव अवलंबून. यावर उपाय म्हणून बंदूक हातांत धरणें सोडून ती विमानालाच पुढच्या दिशेनें जखडण्यांत आली. आतां विमान रोखलें म्हणजे बंदूक रोखली. अडचण उरली ती पुढें फिरणाऱ्या पंख्याची. एप्रिल १९१५ मध्यें रोलां गारोस या फ्रेंच वैमानिकानें पंख्याच्या पात्यांवर पोलादी पाचरी बसवून गोळ्या चुकविण्याचा धाडसी प्रयोग केला. आणि त्याच वर्षाच्या जुलैंत जर्मनांच्या फोक्कर विमानांत अशी जुळणी आली कीं, पातें नळीसमोर आलें असतां बंदूक उडतच नसे.

या ठिकाणीं थोडें थांबावयास हवें, कारण दांडीवरील बटणाचें खरें कारण येथें आहे. विमान वळविणें आणि नेम धरणें या दोन क्रिया आतां एकच झाल्या होत्या. नेम दांडीनें धरावयाचा, तर घोडा दांडीपासून दूर असून कसें चालेल? नेम बरोबर साधला आहे हें हाताला ज्या क्षणीं कळतें, त्याच क्षणीं त्याच हातानें गोळी सुटली पाहिजे. म्हणून बंदुकीचा घोडा दांडीच्या माथ्याशीं, अंगठ्याच्या जागीं आला. इंग्रजांच्या कॅमल, एस. ई. ५ ए इत्यादि विमानांच्या दांडीला माथ्यावर फावड्याच्या मुठीसारखें एक कडें असे, आणि त्या कड्यांत अंगठ्यानें दाबावयाच्या लहान तरफा असत.

परंतु बटण माथ्यावर नेणें सोपें, त्याचा निरोप खालीं आणणें कठीण. दांडी सतत चारी दिशांना हलते. बंदूक मात्र एका जागीं जखडलेली. हलत्या वस्तूवरून स्थिर वस्तूकडे आज्ञा न्यावयाची कशी? प्रथम हें काम बाउडनच्या तारेनें केलें. अर्नेस्ट बाउडन यानें १८९६ सालीं पेटंट घेतलेली ही तार म्हणजे लवचिक वेष्टनाच्या आंत सरकणारी पोलादी दोरी. स्कूटरच्या क्लचची जी तार दुरुस्तीवाला आजहि बदलून देतो, ती हीच. वेष्टन वांकलें तरी आंतील ओढ पोहोंचते, हें तिचें मर्म. १९१७ सालीं बंदूक आणि पंखा यांच्या जुळणीसाठीं जॉर्ज कॉन्स्टंटिनेस्को या रुमानियन इंजिनियरनें नळींतील तेलाच्या लहरींचा उपयोग केला. पण वैमानिकाच्या अंगठ्यापासून निघणारा निरोप तेव्हांहि तारेनेंच जात होता.

मुंबईहून केंब्रिजला शिकावयास गेलेले श्रीकृष्ण चंद्र वेलिंकर हे त्या युद्धांत लढाऊ विमान चालविणाऱ्या मोजक्या हिंदी तरुणांपैकीं एक. २३ व्या स्क्वाड्रनमध्यें सॉपविथ डॉल्फिन विमान घेऊन ते फ्रान्सच्या आघाडीवर गेले आणि १९१८ च्या जून महिन्यांत मृत्यु पावले. कलकत्त्याचे इंद्रलाल राय हे त्यानंतर महिन्याभराच्या आंत, २२ जुलैला पडले, एस. ई. ५ ए विमानावर दोन आठवड्यांच्या अवधींत त्यांनीं दहा विजय मिळविले होते व त्यांचें वय वीसाच्याहि आंत होतें. रायांचें नांव शाळेच्या पुस्तकांत कोठेंकोठें आढळतें. वेलिंकरांचें नांव मुंबईंतहि फारसें कोणी घेत नाहीं, ही गोष्ट बरी नव्हे.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत तारेची जागा हवेनें घेतली. हरिकेन आणि स्पिटफायर या विमानांच्या पंखांत बंदुका दूरदूर बसविलेल्या असत, आणि त्या दाबलेल्या हवेच्या जोरावर उडत. दांडीच्या कड्यावर एक बटण असे. तें दाबतांच झडप उघडे आणि लवचिक नळ्यांवाटे हवा पंखांपर्यंत धांवे. बटणाभोंवतीं एक फिरती कडी असे, ती ‘सुरक्षित’ या खुणेवर असेपर्यंत बटण दाबलेंच जात नसे. तोफा आणि बंदुका दोन्ही असलेल्या स्पिटफायरमध्यें तर बटणाची एक आडवी पट्टी होई. तिचें एक टोंक दाबलें तर तोफा, दुसरें दाबलें तर बंदुका, आणि मध्यभागीं दाबली तर दोन्ही. एका अंगठ्याच्या खालीं तीन आज्ञा! हिंदी हवाईदलानें १९४४ सालीं इंफाळच्या वेढ्यांत हरिकेन वापरलीं आणि १९४७ सालीं काश्मीरांत स्पिटफायर व टेंपेस्ट वापरलीं. मुंबईंत जन्मलेले हृषिकेश मुळगांवकर यांना काश्मीरच्या त्या मोहिमेंतील कामगिरीबद्दल महावीरचक्र मिळालें, आणि १९७६ ते १९७८ या काळांत ते हवाईदलाचे प्रमुख होते.

पुढें नाशिकजवळ ओझर येथें मिग-२१ विमानांचा कारखाना उभा राहिला. तेथील विमानांच्या दांडीचा माथा बटणांनीं भरून गेला होता, आणि निरोप नेण्याचें काम आतां विजेकडे होतें. गंमत अशी कीं, ओझरला बनलेल्या पहिल्या जातीच्या, म्हणजे मिग-२१ एफ. एल. विमानांत अंगची तोफच नव्हती. बटण दाबल्यावर क्षेपणास्त्र सुटे. बटणाखालीं काय आहे हें बदलत गेलें, बटणाची जागा बदलली नाहीं. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंडीगड येथें मिग-२१ विमानांना निरोप देण्यांत आला.

दांडी विमानांतून उतरून जमिनीवर आली ती विजेमुळेंच. विजेची तार कितीहि लांब नेतां येते, आणि विद्युल्लहरींना तर तारहि लागत नाहीं. ९ सप्टेंबर १९४३ रोजीं जर्मनांनीं इटलीची ‘रोमा’ ही बलाढ्य युद्धनौका ज्या बाँबनें बुडविली, तो बाँब पडत असतां विमानांत बसलेला एक मनुष्य लहानशी दांडी हलवून रेडिओनें त्याला वळवीत होता. दांडी येथें, फिरणारी वस्तु दूर, आणि मनुष्य फक्त पाहणारा. व्हिडिओ खेळांतील मुलाची स्थिति याहून निराळी नाहीं. फरक इतकाच कीं, त्याच्या पडद्यावर बुडणारी नौका रात्रीं पुन्हां तरंगूं लागते.

अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत १९६२ सालीं कांहीं तरुणांनीं ‘स्पेसवॉर’ नांवाचा खेळ एका संगणकावर तयार केला. दोन यानें पडद्यावर एकमेकांवर मारा करीत. तीं चालवावयाचीं असत संगणकाच्या तोंडावरील बारीक खटक्यांनीं. त्यामुळें खेळणाऱ्यांचीं कोंपरें दुखूं लागलीं. ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स या दोघांनीं तेथल्या आगगाडीच्या प्रतिकृति बनविणाऱ्या मंडळांतील जुनें सामान धुंडाळून लांकडी पेट्या तयार केल्या. पेटीवर दोन तरफा आणि मारा करण्याचें एक बटण. तें बटण मुद्दाम निःशब्द ठेविलें होतें, कारण खटका वाजला असता तर शेजारीं बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला आपला बेत कळला असता. यंत्र जसें मिळालें तसें न वापरतां आपल्या हातासारखें करून घेण्याचा खेळाच्या जगांतील हा आरंभींचा प्रकार होय, आणि तो खेळ जन्मल्याबरोबरच घडला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

नाणें टाकून खेळावयाचीं यंत्रें त्यानंतर आलीं. जपानच्या सेगा कंपनीनें १९६९ सालीं ‘मिसाइल’ नांवाचें जें यंत्र काढलें, त्यांत बटण असलेली दांडी होती. पण बटणाच्या जागेचा खरा बोधप्रद दाखला १९७४ च्या ‘टँक’ या खेळाचा. रणगाडा दोन पट्ट्यांवर चालतो म्हणून या खेळांत प्रत्येक खेळाडूला दोन दांड्या दिलेल्या होत्या, डाव्या पट्ट्याला डावी, उजव्याला उजवी. दोन्ही हात दांड्यांवर गुंतले, मग तोफ कोण उडविणार? बटण उजव्या दांडीच्या माथ्यावर चढलें. १९८० सालीं आलेल्या ‘बॅटलझोन’मध्येंहि तसेंच. १९१५ च्या वैमानिकाला जी अडचण आली, तीच कारखानदाराला येथें आली, आणि त्यानें तेंच उत्तर काढलें.

जेथें एकच दांडी पुरेशी होती तेथें मात्र दुसरा हात रिकामा होता. कारखानदारांनीं त्या रिकाम्या हाताला काम दिलें. बटण दांडीवरून उतरून फळीवर आलें. यांत त्यांची काटकसर उघड आहे. फळीवरचें बटण म्हणजे एक भोंक, एक खटका आणि दोन स्थिर तारा. माथ्यावरचें बटण म्हणजे पोकळ दांडी, हलत्या तारा, आणि वर्षाच्या आंत केव्हांतरी तुटणारा सांधा. गर्दीच्या ठिकाणीं, जेथें एकच यंत्र दिवसाला शेंकडों मुलें पिळून काढतात, तेथें तुटलेली तार म्हणजे बंद पडलेला गल्ला.

घरगुती खेळांतहि असेंच घडलें. १९७७ सालीं बाजारांत आलेल्या अटारीच्या यंत्राबरोबर जी काळी दांडी मिळे, तिचें बटण पेटीच्या डाव्या कोपऱ्यांत होतें. डाव्या हातानें पेटी धरावी, अंगठा बटणावर ठेवावा आणि उजव्या हातानें दांडी हलवावी, अशी ती योजना. डावखुऱ्या मुलांची त्यांत अगदींच उपेक्षा झाली. त्यांनीं पेटी पाव वळसा फिरवून धरली तर बटण उजव्या कोपऱ्यांत येई खरें, पण मग ‘वर’ची दिशा ‘उजवीकडे’ होई. म्हणून पेटी उघडून दिशांच्या चारहि तारा आपसांत बदलाव्या लागत. जो समाज डावखुऱ्या मुलाच्या हातांतली पेन्सिल काढून उजव्या हातांत देत आला, त्यानें अशा पेटीबद्दल तक्रार केली नाहीं, यांत नवल नाहीं. पुढें इतर कारखानदारांनीं ही उणीव ओळखली. वायको कंपनीच्या दांडीला माथ्यावर एक आणि पेटीवर एक अशीं दोन बटणें होतीं, आणि कोणतें चालू ठेवावयाचें तें एका लहान खटक्यानें ठरवितां येई. क्विक शॉट नांवाच्या दांडीला विमानाच्या मुठीचा आकार देऊन अंगठ्याखालीं बटण आणि तर्जनीखालीं घोडा दिला होता, शिवाय ती टेबलाला चिकटून राहावी म्हणून तळाशीं रबरी वाट्या होत्या. त्या वाट्यांचें महत्त्व दोन हातांच्या मनुष्याला कळावयाचें नाहीं. पेटी स्वतःच जागेवर राहिली तरच दुसरा हात खरोखर मोकळा होतो.

मुंबई आणि तिच्या उपनगरांत नाण्याच्या यंत्रांचीं दुकानें १९८० नंतरच्या दशकांत दिसूं लागलीं आणि १९९० नंतर त्यांचा भर आला. अंधाऱ्या गाळ्यांत ओळीनें ठेवलेल्या पेट्या, रुपयाचें नाणें, आणि पाठीमागें आपल्या पाळीची वाट पाहणारीं पोरें. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ हिंदुस्थानभर त्यांतील एका पात्राच्या नांवावरून ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला. मूळ नांव किती जणांना ठाऊक होतें, देव जाणे. पालक आणि शिक्षक यांना हीं दुकानें डोळ्यांसमोर नको होत, आणि शाळेच्या वेळांत तेथें सांपडलेल्या मुलाची गत सांगावयास नको. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्या दुकानांत श्रीमंताच्या व गरिबाच्या मुलाला एकाच रुपयाला एकाच लांबीचा खेळ मिळत असे.

एकाच मुलाला मात्र तो मिळत नसे. ज्याचा एक हात अधू आहे, किंवा नाहींच, त्याला. दांडी डावीकडे, बटणें उजवीकडे, आणि दोहोंत वीतभर अंतर. पोलिओनें लुळा पडलेला हात, प्रेसखालीं गेलेला पंजा, लोकलगाडीच्या अपघातांत तुटलेला दंड, हीं या भागांत कल्पनेंतील दुःखें नव्हेत. मुंबईंत हाजी अलीजवळ अशा रुग्णांच्या पुनर्वसनासाठीं १९५५ सालीं जी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तिच्या दारांत एक दिवस उभें राहिलें तरी हें कळेल. नोकरी, प्रवास, कृत्रिम अवयव यांची चर्चा होते व व्हावयासच हवी. खेळाची चर्चा कोणी करीत नाहीं. पण चौदा वर्षांच्या मुलाला आपण इतरांहून निराळे आहों हें प्रथम कळतें तें नोकरीच्या दारांत नव्हे, खेळाच्या जागीं कळतें.

आतां अशा यंत्राच्या दांडीला माथ्यावर बटण बसवावयाचें तर काय करावें लागतें, हें सांगणें उचित होईल. भाईंदरच्या ज्या गाळ्यांचा वर उल्लेख आला, त्यांतील लेथवर काम करणाऱ्या कोणाहि कुशल माणसाला हें कठीण वाटूं नये.

नाण्याच्या यंत्रांतील नेहमीची दांडी म्हणजे बोटाएवढ्या जाडीची, साधारण तीन अष्टमांश इंचाची भरीव पोलादी सळई. तिच्या माथ्यावर गोळा किंवा लांबट मूठ असते, मध्यें फिरण्याचा बिंदु, त्याखालीं स्प्रिंग, आणि तळाशीं एक खांचेंत अडकविलेली कडी. कडी काढली कीं सळई वर निघते. तिच्यांत आरपार तीन-चार मिलिमीटरचें भोंक पाडावयाचें. वाटतें तितकें हें सोपें नव्हे. लांब भोंकांत ड्रिल वांकडें जातें, म्हणून दोन्ही टोंकांकडून निम्में निम्में पाडावें, कीस वारंवार बाहेर काढावा आणि तेल सोडीत राहावें. कडीच्या खांचेजवळ धातु पातळ राहतो, तेथें घाई केली तर सळई तुटते. माथ्यावरील गोळा पोकळ करून त्यांत लहान बटण बसवावें, आणि त्याच्या दोन बारीक तारा सळईच्या पोटांतून खालीं सोडाव्या.

शंभर वर्षांपूर्वीं बाउडनच्या तारेपुढें जो प्रश्न होता, तो येथें पुन्हां उभा राहतो. दांडी हलते, तारा हलतात, आणि वारंवार एकाच जागीं वांकलेली तार आज ना उद्यां तुटते. म्हणून तार एकसंध तांब्याची नसावी, केंसासारख्या अनेक धाग्यांची असावी, आणि तिचें वेष्टन मऊ सिलिकोनचें असावें. सळईच्या तळाशीं ती बाहेर पडते तेथें भोंकाची धार कानशीनें गोल करावी, नाहीं तर तीच धार सुरीचें काम करते. पुढें तारेला थोडा सैल वेढा देऊन मग ती पेटीला बांधावी, म्हणजे ओढ सांध्यावर येत नाहीं. आणखी एक शत्रु लपलेला असतो. दांडी चारी दिशांना कलते एवढेंच नव्हे, ती स्वतःभोंवतीं फिरतेहि. खेळाच्या आवेशांत मूठ पिळली गेली कीं आंतील तारांना पीळ बसत जातो, आणि दहाव्या-बाराव्या वेढ्याला त्या तुटतात. सळईला एका बाजूनें कानशीनें सपाट करून आणि तिला त्याच आकाराच्या भोंकांत बसवून हें फिरणें बंद करावें लागतें. हौशी मंडळी पहिल्या प्रयत्नांत विसरतात ती हीच गोष्ट.

विजेचें काम त्या मानानें पोरखेळ. १९८५ पासून जपानी यंत्रांच्या तारांची मांडणी बहुधा एका ठराविक पद्धतीची झालेली आहे. प्रत्येक बटणाला एक सामाईक तार आणि एक निरोपाची तार असते. बटण दाबलें कीं दोन्ही जुळतात, एवढेंच यंत्राला कळतें. माथ्यावरील बटणाच्या दोन तारा फळीवरच्या बटणाच्या त्याच दोन टोंकांना झाळल्या म्हणजे झालें. दोहोंपैकीं कोणतें दाबलें हें यंत्र ओळखूं शकत नाहीं व त्याला ओळखण्याचें कारणहि नाहीं.

याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. १९९१ सालीं आलेल्या ‘स्ट्रीट फायटर टू’ या खेळाला सहा बटणें लागतात. तीं एका अंगठ्याखालीं मावणें अशक्य. ‘मुस्तफा’ला दोन लागतात, एक माराचें आणि एक उडीचें, तेथें अंगठ्याला एक व तर्जनीला एक अशी विमानाच्या मुठीसारखी योजना करतां येते. एका बटणाचे जुने खेळ मात्र माथ्यावरच्या बटणानें पूर्णपणें खेळतां येतात. मोठ्या कंपन्यांना ही गरज उमगावयास बराच काळ जावा लागला. मायक्रोसॉफ्टनें २०१८ सालीं अपंगांसाठीं एक खास पेटी काढली. तिच्या पाठीला रांगेनें भोंकें आहेत, आणि प्रत्येक भोंकांत हवें तें बटण, हव्या त्या अवयवाखालीं ठेवून, जोडतां येतें. कोपरानें, गुडघ्यानें, हनुवटीनें, जसें ज्याला जमेल तसें. पण ती पेटी घरगुती यंत्रांची. नाण्याच्या जुन्या यंत्रांपैकीं जीं आज हौशी संग्राहकांच्या घरीं व दुरुस्तीवाल्यांच्या गाळ्यांत शिल्लक आहेत, त्यांना उपाय तोच: सळई, ड्रिल आणि दोन तारा.

प्रेसवरील कारागीर दोरीनें बटण बांधतो तेव्हां तोहि यंत्रांत बदलच करीत असतो, आणि दोन हातांचें काम एका हातावर आणीत असतो. वरवर पाहतां दोन्ही कृति सारख्या. प्रेसमध्यें मात्र मोकळा झालेला हात साच्याखालीं जातो. खेळांत ज्याला दुसरा हातच नाहीं, तो मनुष्य यंत्रासमोर येऊन उभा राहूं शकतो. फळीवरचें जुनें बटण काढावें लागत नाहीं. तें आपल्या जागीं तसेंच चालू राहतें, आणि पाळी आली कीं दोन हातांचा मुलगा त्याच यंत्रावर, त्याच रुपयाला, नेहमीप्रमाणें खेळतो.